कमांडर वारा बघतात

आमच्या पार्शे गावात विंग कमांडर यशवंत शेटगावकर यांच्यापुढे तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती. माझीही नव्हती. ते माझे चुलतकाका. मी पन्नाशीचा, बँकेत शाखाधिकारी, चारचौघांवर खेकसणारा माणूस. पण काका समोर आले की माझी शेळी व्हायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण काकांच्या बागेत राबणारी सरस्वती त्यापायीच जिवाला मुकली.

काका बेळगावला शिकले आणि तिथूनच हवाई दलात गेले. एकाहत्तरच्या लढाईत ते कॅनबेरा बॉम्बर चालवत. शत्रूच्या तेलसाठ्यावर पोचले तर खाली सगळा ढग. नॅव्हिगेटर म्हणाला, मागे फिरू. काकांनी वाऱ्याचा हिशोब केला, म्हणाले, चार मिनिटांत ढग सरकेल. सरकला. बॉम्ब अचूक पडले आणि काकांना वीरचक्र मिळालं. पुढे ते स्क्वाड्रनचे कमांडर झाले. ही गोष्ट आम्ही दर सव्वीस जानेवारीला शाळेत ऐकायचो. खाली कोण होतं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

त्या चार मिनिटांनी काकांचं एक नुकसान केलं. दुसऱ्याचं ऐकायची सवयच मोडली. निवृत्तीनंतर त्यांनी डोंगरावर काजू लावले, आणि गावाने त्यांना पावसापासून पाटाच्या पाण्यापर्यंत सगळं विचारायला सुरुवात केली. कमांडर म्हणाले की संपलं. देवाने दिलेल्या कौलावरही एवढा भरवसा नव्हता.

गेल्या फेब्रुवारीत काकांनी बागेच्या पश्चिमेचं गवत जाळायचं ठरवलं. बाहेरून वणवा आला तर तो बागेत शिरू नये म्हणून हा पट्टा दरवर्षी जाळतात. उतारावर छातीएवढं वाळलेलं गवत, खाली कोरडा व्हाळ, म्हणजे ओढा. सकाळी वारा डोंगराकडून व्हाळाकडे वाहतो, म्हणजे आग बागेपासून लांब जाते. अकराच्या सुमारास समुद्राचा वारा सुटला की सगळं उलटं. त्र्याऐंशीव्या वर्षीही काकांचा हिशोब पक्का होता.

पण आमच्याकडे डोंगराला आग लावायच्या आधी राखणदाराला, म्हणजे डोंगर राखणाऱ्या देवाला, नारळ देतात. म्हातारा शंभू उंच टेपावर उभा राहून कुकारा घालतो, म्हणजे लांब हाळी देतो. डोंगरात जो कोणी असेल तो हातातलं काम टाकून वर येतो. सगळे जमले की राखणदाराला विनवणीचं गाऱ्हाणं घालतात, आणि खोबऱ्याचे तुकडे डोकी मोजून वाटतात.

त्या दिवशी शंभूला यायला उशीर झाला. पावणेदहा वाजले. काका घड्याळ बघत होते. दोडामार्गकडचा गोपाळ दर हंगामात बायकोला, सरस्वतीला, घेऊन बागेतल्या खोपीत राहायला येई. तो हळूच म्हणाला, "साहेब, शंभूकाका येतत. गाऱ्हाणां झाल्याशिवाय आग लावची नाय."

"राखणदाराक घड्याळ नाय. माका आसा. अकरांक वारो फिरतलो."

गोपाळने माझ्याकडे पाहिलं. सरस्वती सकाळपासून मला दिसली नव्हती. खोपीचं दारही ओढलेलं होतं. विचारावंसं वाटलं, सगळे वर आहेत का? पण काका मान तिरकी करून वारा बघत होते, आणि तशा वेळी त्यांच्याशी कुणी बोलत नसे. गोपाळला वाटलं, ती नळावर गेली असेल.

काकांनी हाताने खूण केली. गोपाळनेच काडी ओढली.

आग काकांनी सांगितली त्या वाटेने, सांगितली त्या वेगाने गेली. एक ठिणगी बागेकडे आली नाही. "पळयलं?" काका आगीकडे बोट दाखवत म्हणाले. तेवढ्यात व्हाळाच्या बाजूने ओरडण्याचा आवाज आला. गोपाळ पेटत्या गवतातून धावला.

सरस्वती व्हाळाच्या अलीकडे, गवतात वाकून सुकी लाकडं गोळा करत होती. शंभूचा कुकारा आला की वर जायचं, हे ती बारा वर्षं करत आली होती. तो आला नाही, म्हणून ती निर्धास्त होती. तिसऱ्या दिवशी ती इस्पितळातच वारली.

तेराव्यानंतर गोपाळ खोपीतलं सामान न्यायला आला. दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. त्याने काकांच्या व्हरांड्यात पायरीवर बसकण मारली. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्याव्यात, असंच मला वाटत होतं. काकांना आणि मलाही. पण तो उलट काकांचीच समजूत घालायला लागला.

"तुमी जीवाक लावून घेव नकात, साहेब. तुमचो काय दोष? वारो फिरलो."

मी चटकन मान डोलावली. मला तेवढंच हवं होतं.

काकांनी त्याच्या पट्ट्यांकडे पाहिलं. मग खुर्चीतून कष्टाने उठले आणि खाली, त्याच्या शेजारी पायरीवर बसले.

"वारो फिरूक नाय, गोपाळा," ते म्हणाले. "वारो बरोबर होतो."