हेरोदाच्या जिवासाठी सुरणाचा रस्सा

तुम्ही कधी एखाद्या बोकडाच्या वतीने स्वतःच्या वडिलांशी लेखी करार केला आहे का? नसेल, तर मला हसण्यापूर्वी जरा थांबा. मी केला आहे. त्यावर तीन सह्या आहेत. बोकडाचा अंगठा तेवढा घ्यायचा राहिला.

बोकडाचे नाव हेरोद. ते दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मुद्दाम ठेवले होते. आदल्या वर्षीच्या बोकडाला आईने लाडाने मोती म्हटले, आणि नाताळच्या जेवणात पहिला घास घेताना सगळ्यांचे डोळे भरून आले. (जेवले मात्र सगळे पोटभर.) तेव्हाच दादा म्हणाले, "पुढच्या खेपेला असं नाव ठेवू, की कापताना कुणाला वाईट वाटायला नको." बेथलेहेमची तान्ही बाळे मारणाऱ्या राजाचे नाव मिळाले म्हणून आमचा हेरोद काही दुष्ट झाला नाही. हाक मारली की मान वाकडी करून बघायचा आणि जवळ येऊन हातातला कागद चाटायचा.

आणि माझ्या हातात कागद नेहमीच असायचा. आम्ही देहूरोडला लष्करी डेपोच्या मागच्या चाळीत राहायचो. दादा डेपोत कारकून. छापलेला कागद फेकणे हे त्यांच्या लेखी पाप होते. दारूबंदी, हुंडाबंदी, चहाचे दुष्परिणाम, देवी टोचून घेण्याचे फायदे, अशा नाना पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून मी बाराखडी शिकले. सातव्या वर्षी मी पाहुण्यांच्या हातातला चहा हिसकावून ओतला होता. एकोणिसाव्या वर्षी, स्वराज्य अजून दहा वर्षांचेही झाले नव्हते तेव्हा, पुणे स्टेशनवर एका सडपातळ गृहस्थाने माझ्या हातावर सोळा पानी पत्रक ठेवले: ‘वासराच्या तोंडचा घास’. गाडी खडकीला पोचेपर्यंत मी मटण सोडले. चिंचवडला अंडी सोडली. देहूरोडला उतरले तेव्हा दूध, दही, तूप, लोणी सगळे सुटले होते. (लोणावळ्यापर्यंत तिकीट असते तर बहुधा अन्नच सोडले असते.)

घरी येऊन मी जाहीर केले, "यंदाच्या नाताळात या घरात कुणाचा जीव जाणार नाही, आणि कुणाच्या वासराचं दूधही चोरलं जाणार नाही."

आई करंज्यांसाठी खोबरे किसत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि रूथआत्याचा जीव गेला तर?"

प्रश्न रास्त होता. रूथआत्या दादांची थोरली बहीण, नगरच्या शाळेतली निवृत्त मुख्याध्यापिका. दर नाताळला ती आमच्याकडे यायची ती मटणाच्या रस्स्यासाठी, आणि तिने पसंत केल्याशिवाय आमच्याकडे काहीच पार पडले असे धरत नसत. दादा दोन मिनिटे विचार करून म्हणाले, "करू तुझ्या मनासारखं. पण कागदावर."

करार असा झाला: नाताळचा स्वयंपाक करुणा (म्हणजे मी) करील. त्यात मांस, अंडे, दूध, दही, तूप नसेल. आत्याने कोणताही एक पदार्थ आपणहून परत मागून घेतला, तर हेरोद जगेल. न मागितल्यास दुसऱ्या दिवशी… पुढची जागा दादांनी कोरी ठेवली, कारण हेरोद त्यांच्या खांद्यावरून वाचत होता.

मी पेटून उठले. काळा मसाला, भाजलेले खोबरे आणि सुरणाच्या मोठमोठ्या फोडी. मटणाला तोडीस तोड रस्सा होणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आठवडाभर आधी तालीम म्हणून थोडा करून पाहिला. पत्रकात लिहिले होते की आंबट पदार्थांनी मन उत्तेजित होते, म्हणून मी चिंच घातली नाही. दादांनी दोन घास खाल्ले आणि उरलेली संध्याकाळ दाराच्या चौकटीला मान घासत काढली.

"खाजतंय?" मी विचारले.

"नाही," दादा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "गळ्याच्या आतून कुणीतरी पत्रक वाटतंय."

आई म्हणाली, "अगं, सुरणाला चिंच लागतेच. घाल की. चिंच काय गाईची असते का?"

चिंच मंजूर झाली. मग केक. आमच्याकडे रीत अशी, की केकचे पीठ घरी कालवायचे, पत्र्याच्या डब्यात भरायचे, त्यावर नाव लिहायचे आणि कॅम्पातल्या पावाच्या भट्टीवर भाजून आणायचे. मी अंड्यांऐवजी कुस्करलेली केळी घातली, लोण्याऐवजी गोडे तेल, साखरेऐवजी गूळ, आणि फुगावा म्हणून पापडखार. भट्टीवाले चाचा डब्यात बोट घालून म्हणाले, "बेबी, ह्यात अंडं कुठाय?"

मी त्यांना कोंबडीच्या हक्कांवर पाऊण तास भाषण दिले. त्या नादात भट्टीतला डबा बाहेर काढायचा राहिला. शेवटी चाचांनी तो फडक्यात धरून माझ्या हातात दिला. "घ्या. यावर मसाला वाटता येईल."

पण खरा घोळ केकने केला नाही. तो माझ्या वक्तृत्वाने केला.

नाताळच्या आदल्या दिवशी शेजारीपाजारी फराळाची ताटे जायची. करंज्या, शंकरपाळे, केकचा तुकडा, वर आईने विणलेला जाळीचा रुमाल. पहिले ताट नेहमी भिंतीपलीकडच्या ज्ञानबाकाकांकडे. ज्ञानबाकाका माळकरी, गळ्यात तुळशीची माळ, दारात एक धिप्पाड म्हैस. आमचे दूध त्यांच्याकडूनच यायचे. आठ वर्षे ताट जात होते आणि आठ वर्षे मूठभर तांदूळ किंवा गुळाचा खडा घालून परत येत होते, कारण रिकामे भांडे परत देऊ नये. पण आठ वर्षांत ज्ञानबाकाका आमच्या उंबऱ्याच्या आत जेवायला कधी आले नव्हते. ते अंड्यामुळे की आणखी कशामुळे, हे दादांनी कधी विचारले नव्हते. काही प्रश्न न विचारलेलेच बरे, असे ते म्हणायचे. पत्रके जमवणारा माणूस एरवी असे बोलत नाही.

त्या वर्षी ताट घेऊन मी गेले आणि रुमाल बाजूला करून गर्जले, "काका, यात अंडं नाही. दूध नाही. तूप नाही. भांडी राखेनं तीनदा घासलीत."

काकांनी एक करंजी उचलून पाहिली. "खरं म्हनतीस व्हय, पोरी?"

"शपथेवर. आणि उद्याचं जेवणही असंच आहे. तुम्ही या. तुमचं कुणी असेल तर त्यांनाही आणा!"

हे शेवटचे वाक्य कराराच्या कुठल्याही कलमात नव्हते. सत्याचा प्रसार करताना माणसाला भान राहत नाही.

नाताळच्या सकाळी आम्ही सगळे देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेला गेलो. उपासना संपल्यावर आवारात हात हातात घेऊन शुभेच्छा द्यायला तास तरी जातो. तेवढ्यात भात टाकावा म्हणून मी एकटी पुढे पळत घरी आले. दारात ज्ञानबाकाका उभे. धुतलेले धोतर, कपाळाला बुक्का. आणि त्यांच्यामागे, टाळ गळ्यात अडकवून, पुनावळ्याची सबंध भजनी मंडळी.

"आज आमच्याकडं भजन हुतं," काका म्हणाले. "घरी खीर-पोळी शिजलीया. पन म्हनलं, पोरीनं आधी बोलावलंय. घरचं काय, कवाबी हाय."

मी मोजले. काकांना धरून तेरा. मी स्वयंपाक दहा जणांचा केला होता. एका क्षणात मला हेरोदाचे भवितव्य दिसले. पण माणसे हातपाय धुऊन आली होती, आणि काका उंबरा ओलांडून आत येत होते. मी सतरंजी अंथरली.

भजन म्हणणारी माणसे कशी जेवतात हे तुम्ही पाहिले आहे का? आधी मन लावून, मग ताल धरून. सुरणाचा रस्सा बघता बघता अर्ध्यावर आला. "पळीभर वाड गं, बाय." मी वाढला. "भात हाय का अजून?" होता. नंतर नव्हता. केळीचा केक सुरीला दाद देईना, तेव्हा त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बुवांनी कनवटीचा अडकित्ता काढला, सुपारीसारखी केकची खांडे केली आणि प्रत्येकाच्या तळहातावर प्रसादासारखी ठेवली. सगळ्यांनी ती गालात धरली. कुणी तक्रार केली नाही. बोलणे शक्यच नव्हते.

दादा, आई आणि आत्या दारात आले तेव्हा बुवा भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने पातेले पुसत होते.

आत्याने पातेल्यात डोकावून पाहिले. मग माझ्याकडे. "कोण ही मंडळी?"

"पाहुणे," मी म्हणाले.

"किती?"

"बारा. आणि ज्ञानबाकाका."

दादा माझ्यामागून हळूच म्हणाले, "प्रेषितही बाराच होते. पण ते इतकं जेवल्याचं कुठं लिहिलेलं नाही."

ज्ञानबाकाका हात धुऊन उठले. चेहरा तृप्त. दादांचे दोन्ही हात धरून म्हणाले, "भाऊसायेब, लई दिसांनी मन भरलं. आता खरं सांगतो, रागावू नगा. आठ वर्सं तुमचं ताट यायचं. अंड्याचं म्हनून आमाला चालंना, आन टाकवतबी न्हाई. मग म्हशीला घालायचो. लई आवडायचं तिला. नाताळ आला की दावं तोडायची."

आईने आठ वर्षे त्या केकात आठ-आठ अंडी फेटली होती. आई सावकाश म्हणाली, "आणि दूध आम्ही तिचंच घेतो."

"म्हणजे," दादा म्हणाले, "आपलाच केक आपण आठ वर्षं चहात प्यायलो."

पहिल्यांदा दादाच हसले. मग काका. मग सगळे, बुवा सोडून. त्यांच्या गालात अजून केक होता.

मंडळी गेली. आमच्या पुढ्यात उष्टी ताटे आणि उपाशी आत्या. दादांनी करार बाहेर काढला. अंगणात हेरोद शांतपणे नाताळच्या कागदी चांदणीचे एक टोक चघळत होता. आत्याने परत मागण्यासारखे काही सोडाच, पहिल्यांदा वाढण्यासारखेही काही उरले नव्हते. मला रडू कोसळणार, इतक्यात सखूकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, आमचे तेच पातेले घेऊन आत आल्या. ते कधी उचलून नेले मला कळलेही नव्हते. रिकामे भांडे परत देऊ नये! भजनी मंडळींसाठी शिजवलेली सगळी खीर त्यांनी त्यात काठोकाठ ओतली होती. दाट, केशरी, म्हशीच्या दुधाची. वर पुरणपोळ्यांची चवड, आणि तिच्यावर तुपाची वाटी.

आत्याने पोळी तुपात बुडवली. खिरीची वाटी तोंडाला लावली. डोळे मिटले. वाटी पुढे केली. "आण गं अजून."

मी उडीच मारली. "मागून घेतली! आपणहून! दादा, हेरोद सुटला!"

दादांनी चष्मा लावला. "कलम दोन. दूध, तूप नसेल."

आणि मग, वाचकहो, पंधरा दिवस दुधाविरुद्ध चाळभर भाषणे देणाऱ्या मी खिरीची वकिली सुरू केली. पातेले माझे. ते रिकामे झाले माझ्या रस्स्यामुळे. ते भरले माझ्या रस्स्याच्या बदल्यात. म्हणजे ही खीर तत्त्वतः सुरणच आहे! पत्रकातल्या एकाही मुद्द्यावर मी इतक्या तळमळीने बोलले नव्हते.

दादांनी सगळे ऐकून घेतले आणि कराराची घडी घातली. "तुझा मुद्दा फेटाळला," ते म्हणाले. मग ज्ञानबाकाकांच्या बाजूच्या भिंतीकडे बोट केले. "पण ज्ञानबा जाताना म्हणाला, उद्या पुन्हा येतो, दोघं निवांत जेवू. आठ वर्षांनी माणूस माझ्या सतरंजीवर बसला. उद्या घरात बोकड शिजला तर तो कसा येईल?" आणि अंगणाकडे वळून ओरडले, "ए हेरोद, चांदणी सोड. जगलास."

आत्याने भरलेली वाटी माझ्यापुढे सरकवली. "खा आता, वकीलबाई. सुरण आहे ना तत्त्वतः?"

मी तीन वाट्या खाल्ल्या.

त्यानंतर ज्ञानबाकाका दर नाताळला आमच्याकडे जेवतात. मी सुरण करते, चिंच घालून. म्हैस मात्र दोन वर्षे रुसून होती. हेरोद अजून आहे. जाडजूड झाला आहे, आणि ‘वासराच्या तोंडचा घास’ त्यानेच, मुखपृष्ठासकट, एका दुपारी संपवला. आमच्या घरात ते पत्रक पूर्णपणे पचवणारा तो एकटाच.

तुमच्याकडे एकच मागणे आहे. या सणाला शेजारी ताट पाठवण्याआधी स्वतः जा आणि विचारा, "तुम्हाला काय चालतं?" विचारायचा धीर होत नसेल, तर निदान त्यांची म्हैस किती धष्टपुष्ट झाली आहे, तेवढे पाहून या.