दुसरी बाटली

कडावच्या दूधवाल्याने गिऱ्हाइकांना फसवले आणि आमच्याच अन्न निरीक्षकाने मला, सरकारी वकिलाला. दूध नासल्याचा वास आला की कर्जतचे कोर्ट आठवते. ओढ्याचे पाणी घातलेल्या दुधाने हगवण लागून जिचे मूल गेले, ती वीटभट्टीवरची बाई दाराशी बसली होती. "दंडावर मिटवा, वकीलसाहेब," दूधवाला म्हणाला. निरीक्षकाने भरलेल्या नमुन्याच्या बाटल्यांपैकी पहिलीत भेसळ सिद्ध झाली होती, म्हणून मी तुरुंगावरच अडून बसलो. त्याने हसत, आरोपीच्या हक्काने, त्याच दुधाची दुसरी बाटली तपासायला मागितली. ती नासलेली निघाली. दूध टिकवायचे औषध निरीक्षकाने तिच्यात घातलेच नव्हते. "राहून गेलं," तो म्हणाला. फेरतपासणी होऊ शकली नाही, म्हणून कायद्याने दूधवाला सुटला. बाई म्हणाली, "मंग आमी पोराला बी इसरू का, सायेब?" मी आता निवृत्त आहे. त्या निरीक्षकाला पुढे बढती देणाऱ्याने तिला उत्तर द्यावे.