उरलेली पट्टी

जेवण झालंय, पडवीतल्या खाटेवर मी आडवा पडलोय आणि डोळे जड व्हायला लागलेत. छातीवर कॅसेट, तिच्या दातेरी भोकात पेन्सिल. सैल पडलेली पट्टी तेवढी गुंडाळायची राहिलीय. उशाशी वॉकमन तयार आहे. आठ दिवस मी त्याच्या मागे लागलो होतो. आतला रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता, ते स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढलं. बॅटरीच्या स्प्रिंगांवरचा हिरवा गंज लिंबाच्या रसाने घालवला. काल नवा पट्टा बसवला आणि चाकं फिरली. सत्तरीतल्या माणसाने उड्या मारू नयेत, पण मारली एक.

वाजवायचा मात्र धीर होत नाही.

तरुणपणी मी मस्कतला नोकरीला, बायको सुगंधा इथे चिपळूणला. आम्ही कॅसेटवर बोलायचो. कॅसेट एकच. ती भरून पाठवायची. मी ऐकायचो आणि त्याच बाजूवर, तिच्या बोलण्यावर माझं बोलणं भरून सुट्टीवर निघालेल्या कुणाच्या तरी हाती परत धाडायचो. दुसऱ्या बाजूला रेडिओवरून भरलेली तिची आवडती भजनं. ती पुसायची नाहीत अशी सक्त ताकीद होती. नवी कॅसेट घ्यावी हे दोघांनाही सुचलं नाही. शेवटचं बोलणं माझं. म्हणजे तिचा आवाज मी माझ्याच हाताने पुसलाय. सुगंधाला जाऊन चार वर्षं झाली. फोटो ढीगभर आहेत. आवाज कुठेच नाही, आणि आता तो मला आठवेनासा झालाय. याची मला फार भीती वाटते.

"पाय जरा आवरा."

खाटेच्या कडेला सुगंधा बसते. तिशीची, हातात हिरव्या बांगड्या, मांडीवर लसणाचं ताट. तिचे ओठ हलतात, शब्द कळतात. आवाज मात्र नाही.

"म्हातारे झालात हो," ती म्हणते.

"तू नाही झालीस."

"मला कुठे कामं आहेत आता?"

खाट उंच होते. ही मस्कतची आमची खोली, ही वरची खाट. खाली सातजण पत्ते खेळतायत. सुगंधा लसूण सोलतेच आहे. एक टरफल खालच्याच्या चहात पडतं, तो तसाच पितो.

"यांच्यासमोर बोलायची लाज वाटायची ना तुम्हाला?"

"सगळ्यांचे कान माझ्याकडे. काय बोलणार? बरा आहे, उकाडा आहे, पोरीला जप. दहा मिनिटांत संपायचं."

"आठ. मी घड्याळ लावून बसायची."

शिडीवरून उतरतो तर आमचं स्वयंपाकघर. पायाखाली मस्कतची वाळू, चुलीवर आमटी. मला राहवत नाही.

"सुगंधा, मी तुला पुसून टाकलं गं."

मी रडतोय आणि ती हसतेय.

"मोठे आले पुसणारे! तुमचं संपलं तरी मी टेप बंद नाही करायची. वाटायचं, अजून काहीतरी बोलाल. वाट बघत बसायची. आणि मग कोण बोलायला लागायचं, ठाऊक आहे?"

"कोण?"

"मीच. तुमची आठ मिनिटं, माझी पुरी बाजू."

ती पदराला हात पुसते, माझ्या हातातली पेन्सिल घेते आणि फिरवायला लागते. करकर, करकर.

"इथून ऐका," ती म्हणते. "उठा, आमटी उतू जातेय."

उठतो. चारचं ऊन पायावर आलंय. मघाशी पट्टीचा सगळा गठ्ठा डावीकडे होता. आता बराचसा उजवीकडे आहे. झोपेत मीच फिरवली असेल. बोटाला पेन्सिलचा वळ आहे.

कॅसेट घालतो, बटण दाबतो.

"...पट्टी उरलीय अजून, वाया कशाला घालवायची?"

जरा घोगरा, थोडा नाकातला. असा होता होय! असाच होता. फणसाला बारा फळं धरलीत. पोरीचा दात पडलाय, तो तुम्हाला दाखवायला डबीत ठेवलाय. मांजर पुन्हा व्यायलीय. मला तिचा आवाज पुरे आहे, बातम्या कुठल्याही चालतील. शेवटी ती खाकरते.

"माझं झालं. आता तुम्ही बोला. आणि घाई करू नका."

खट् करून बटण वर येतं.

कॅसेटच्या पाठीवर या बाजूचा चिमुकला प्लॅस्टिकचा तुकडा असतो. तो तुटला की लाल बटण दाबलंच जात नाही, वर काही भरता येत नाही. तो मी नखाने तोडून टाकतो. मग खाटेवर नीट मांडी घालून बसतो.

"सुगंधा," मी म्हणतो, "बरा आहे मी. उकाडा आहे."

नेहमीचं तेवढं संपतं. मग मी पुढचं बोलायला लागतो.