कोरी बाटली

दिग्रसच्या एका कॉलेजात गफ्फारभाईंनी एकतीस वर्षं प्रयोगशाळेतली भांडी धुतली. तीनदा नळाचं पाणी, तीनदा शुद्ध पाणी, आणि धुतल्यावर भांड्याच्या तोंडाला बोट लावायचं नाही, हा त्यांचा नेम. त्यांच्यासमोर शिकलेली तांड्यावरची सलोनी राठोड तिथेच प्राध्यापक झाली आणि अंटार्क्टिकाच्या मोहिमेत निवडली गेली. तिथल्या बर्फात कोणते क्षार किती, ते तिला मोजायचं होतं. त्यासाठीच्या चाळीस बाटल्या तिनं गफ्फारभाईंनाच धुवायला दिल्या.

जाण्याच्या आदल्या दुपारी ती बाटल्या पेटीत भरत होती.

"एक बाटली कोरी, चाचा. शुद्ध पाणी भरून न्यायची, तशीच आणायची. तिच्यात काही निघालं तर दोष धुण्याचा."

"निघत नाही काही."

"तिथं तोंडावर मास्क बांधा लागते. श्वासातला अमोनियाबी बर्फात उतरते."

गफ्फारभाईंचा हात थांबला. "एवढ्याशा श्वासानं?"

"भरल्या विहिरीत मिठाचा खडा पडला, तरी त्या मशीनीले समजते."

ते स्टुलावर बसले. "बेटा, मी चुकलो."

घरचं कोणी लांब निघालं की दुआ वाचून त्याच्यावर फुंकर घालायची, ही त्यांच्या घरची रीत. प्राध्यापक बाईंवर कशी घालायची? म्हणून झाकण लावताना त्यांनी बाटलीत फुंकलं होतं.

"किती बाटल्यांत?"

"चाळीसबी."

सलोनी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "म्हंजे एवढ्या लांब जाऊन मी तुमचाच श्वास मोजून आली असती!"

"हासून काय राह्यली? गाडी कधीची?"

"सकाळी सहाची."

"मंग ऊठ. पाणी आण."

तोंडाला रुमाल बांधून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. दिवस मावळताना शेवटच्या बाटलीला हात घातला, तर सलोनीनं ती उचलली.

"एकोणचाळीस पुरे झाल्या. हिच्यात मी बर्फ भरत नाही." आणि ती बाटली तिनं पेटीत न ठेवता स्वेटरमध्ये गुंडाळून आपल्या पिशवीत घातली.

मोहिमेहून परतल्यावर पावसाळ्यात बाहेरगावच्या प्रयोगशाळेत बाटल्यांची तपासणी झाली आणि तिथून तिचा फोन आला. तो ठेवून गफ्फारभाई बायकोला म्हणाले, "रौशन, कोऱ्या बाटलीत काहीच नाही निघालं म्हणते पोरगी. एकतीस वर्षांत एवढी शाबासकी मले कोणी देली नव्हती."

"आन् ते फुंकलेली?"

"तिच्या टेबलावर हाये. झाकण नाही उघडलं म्हणते अजून."