न विरघळलेलं खत

सुमनबाईंनी माझ्या टेबलावर रुमाल सोडला. आत मूठभर काचेचे खडे होते, धुऊन आणलेले.

"मॅडम, हे तुमचं खत वापस घ्या," त्या म्हणाल्या. "लागवडीला टाकलं होतं. आता हळदीला माती लावताना जसंच्या तसं निघालं. इरघळलंच न्हाई."

"थोडं तरी झिजलं असेल."

"तुमीच बघा की. मण्यावानी चमकून राहिलेत."

सुमनबाई शिरड शहापूरच्या. त्यांच्या हळदीची नवी पानं वाकडी आणि ठिसूळ येत होती. जमिनीत बोरॉन कमी पडलं की असं होतं, आणि आमचं खत त्यासाठीच होतं.

हिंगोलीजवळच्या एका छोट्या कारखान्यात मी केमिस्ट आहे. काचेचा कारखाना म्हटलं की लोकांना बाटल्या आठवतात. आम्ही विरघळणारी काच करतो. खिडकीची काच वाळूची असते, आमची फॉस्फेटची. तिच्यात अणूंच्या लांब, सुट्या साखळ्या असतात. पाणी त्यांच्यात शिरतं आणि काच विरघळून जाते. त्यात बोरॉन घातलं की ते साखळ्यांना एकमेकींशी जोडतं, कापडाला टाके घालावेत तसं. टाके मोजके असतील तर काच महिनोन्‌महिने बेताबेताने विरघळते. टाके वाढले की जाळं घट्ट होतं आणि पाण्याला वाटच राहत नाही. म्हणजे खतात बोरॉन जास्त घातलं तर पिकाला कमी मिळतं. हे वाक्य मी त्या आठवड्यात किती वेळा बोलले ते विचारू नका.

सुमनबाईंच्या पोत्यावरचा बॅच नंबर घेऊन मी साहेबांकडे, म्हणजे मालकांकडे गेले.

"रिपोर्ट पास आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"पास आहे. पण बोरॉन नेहमीपेक्षा खूप जास्त दिसतंय."

"मग चांगलंच आहे की! लोकांना जास्तीचा माल मिळून राहिला."

मी टाक्यांचं सगळं सांगितलं, अगदी बोरॉन फारच वाढलं तर जाळं पुन्हा सैल पडतं हेही. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "बराबर. पण जास्त आहे ना?"

मी भट्टीवर गेले. काशिनाथमामा या भट्टीवर वीस वर्षं आहेत.

"मामा, या बॅचच्या वेळी वितळलेल्या काचेचा रस कसा येत होता?"

"घट्ट. ओतताच येईना. मी सुपरवायझरला बोललो, तर ते म्हणाले, टेम्परेचर वाढवा. वाढवलं."

"आणखी काही?"

"फेस कमी झाला ना. आधी किती उतू यायचं! मला वाटलं, तुमीच काही सुधारणा केली."

फेस कमी झाला म्हटल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही बोरॉनसाठी बोरिक अ‍ॅसिड वापरतो, कॅरमबोर्डवर टाकतात ती पावडर. तिच्यात पाणी बांधलेलं असतं. भट्टीत ते वाफ होऊन निघतं, म्हणून फेस येतो. मी तडक स्टोअरमध्ये गेले. तिथल्या पोत्यांवर लिहिलं होतं, बोरॉन ऑक्साइड. त्यात ते पाणी नसतंच. तेवढ्याच वजनात बोरॉन जवळजवळ पावणेदोनपट.

"गजानन, हे काहून मागवलं?" मी खरेदीवाल्याला विचारलं.

"बोरिक मिळत नव्हतं मॅडम. हे पण बोरॉनच आहे, सप्लायरच बोलला."

"मला विचारायचं ना."

"पांढरी पावडर ती पण, पांढरी पावडर ही पण. वजन तुमच्या कागदाप्रमाणेच टाकलं."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. कागदावर मी फक्त 'बोरॉन पावडर' लिहिलं होतं, कारण बोरिक सोडून दुसरं काही येईल असं मला वाटलंच नव्हतं. माझी टेस्टही तशीच. मी खडे अ‍ॅसिडमध्ये विरघळवून बोरॉन मोजायची आणि कमीत कमी किती हवं तेवढंच बघायची. शेतात अ‍ॅसिड नसतं, पाणी असतं. रिपोर्टवर तो मोठा आकडा मीच पाहिला होता आणि मीच सही केली होती. घरी जाताना मला सगळ्यांचा राग येत होता, आणि सगळ्यांत जास्त माझा.

मी आधीच्या बॅचचे जुने आणि या बॅचचे नवे खडे सारख्या वजनाने कोमट पाण्यात ठेवले; शेतातल्यापेक्षा तिथे काच खूप लवकर विरघळते. आठवड्याने जुने निम्मे उरले होते. नव्यांचं वजन होतं तेवढंच. दोन्ही बरण्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या.

त्यांनी दोन्ही बरण्या हलवून पाहिल्या. "मॅडम, हा माल 'दोन हंगाम टिकणारा' म्हणून विकला तर?"

"हा चार हंगामही टिकेल साहेब. टिकणं हाच प्रॉब्लेम आहे."

"तुम्हीच बोलल्या होत्या ना, बोरॉन फारच वाढलं तर जाळं पुन्हा सैल पडतं? मग आणखी टाकू."

"बोलले होते. पण एवढं बोरॉन एकदम सुटलं तर पीक करपेल. मी सही करणार नाही."

"तुमच्या सहीवाचून माल अडतो काय?"

"अडतो. नियमच तसा आहे, आणि तो तुम्हीच केलाय."

दोन दिवस गोदामातला माल अडून राहिला. तिसऱ्या दिवशी परत मागवायच्या मालाची यादी त्यांनी माझ्याकडे पाठवली. पुसेगावपासून कनेरगाव नाक्यापर्यंतच्या दुकानांतून पोती परत आली. बोरॉनचं प्रमाण उतरवायला ते खडे आम्ही फॉस्फेट आणि पोटॅश घालून पुन्हा वितळवले. त्यानंतरचा माल परत बोरिकचा, म्हणून मामांच्या भट्टीत परत फेस आला आणि ते परत कुरकुरले.

सुमनबाईंच्या शेतावर मी स्वतः बोरॉनची फवारणी करून घेतली. पुढची पानं सरळ आली. आधीची गेली ती गेलीच, आणि कंदही थोडे बारीक निघाले. "पुढच्या टायमाला आधी पाण्यात टाकून बघीन, मंग शेतात टाकीन," त्या म्हणाल्या. शेतावरच्या बादलीत होणारी ही टेस्ट आमच्या लॅबमध्ये नव्हती. आता आहे.

कागदावर आता प्रत्येक पावडरीचं पूर्ण नाव असतं. गजानन भट्टीच्या विटा मागवायच्या असल्या तरी मला फोन करतो. वैताग येतो, पण मी फोन उचलते.