फायबरचे हत्ती आणि वरची खोली

आमच्या भागाच्या विकासनिधीतला थोडा हिस्सा कशावर खर्च करायचा हे यापुढे नागरिक ठरवणार, अशी घोषणा झाली तेव्हा मला हसू आलं होतं. घोषणेसाठी मोठा मंडप घातला होता आणि त्यात नागरिकांना बसायला जागा नव्हती. पुढच्या रांगा निमंत्रितांसाठी होत्या आणि त्यामागच्या निमंत्रितांबरोबर आलेल्यांसाठी. ॲपचं नाव इतकं संस्कृत होतं की ते उच्चारताना सूत्रसंचालकाचा श्वास अडकला. कोणत्या कार्यालयाचं ॲप ते सांगत नाही. सांगून कुणाचं भलं होणार नाही, आणि या हकिकतीत ॲपची चूक जवळजवळ नाहीच.

उलट ते चांगलं होतं. कुणीही प्रस्ताव टाकावा, बाकीच्यांनी त्याला पाठिंबा द्यावा किंवा त्याखाली प्रतिक्रिया लिहावी, आणि हे सगळं सगळ्यांना दिसावं, अशी रचना होती. प्रस्ताव कुणाचा, पाठिंबा कुणाकुणाचा, कोण काय म्हणालं, काही लपलेलं नाही. प्रस्ताव निवडायला गुण कसे मोजणार तेही पहिल्याच पानावर सरळ मराठीत लिहिलेलं होतं. मी आयुष्यभर मुलांना मराठी शिकवलं, प्रश्नपत्रिका हातात आली की आधी सूचना वाचा असं बजावलं. ते पान मी वाचलं नाही.

कल्याणच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवलं, तिथेच माझ्या एक सहकारी गणित शिकवायच्या. मी त्यांना ‘गणिताच्या बाई’ म्हणायचे, त्या मला ‘मराठीच्या बाई’, आणि निवृत्तीनंतरही तेच चालू राहिलं. मी डोंबिवलीचं घर विकून कोलशेतला टॉवरमध्ये राहायला आले तेव्हा कळलं की आमच्या मागच्या भिंतीपलीकडे जी वस्ती आहे तिथेच त्या लग्न होऊन आल्यापासून राहतात. आमच्या गॅलरीतून त्यांचं समाजमंदिर दिसतं. संध्याकाळी त्या तिथे वस्तीतल्या मुलींना अभ्यासाला बसवतात. कुणी बारावीची, कुणी नर्सिंगची, कुणी स्पर्धा परीक्षेची. घरं एका खोलीची, त्यात टीव्ही, धाकटी भावंडं, आल्यागेल्याचा चहा. समाजमंदिराचं सभागृह मात्र हळदीला, बारशाला, बैठकीला द्यावं लागतं, आणि त्या दिवशी मुली पुस्तकं उचलून घरी जातात. लग्नसराईत तर अभ्यास जवळपास बंदच. वर स्लॅब पडून आहे, भिंती नाहीत. तिथे एक खोली बांधून द्या, टेबलं आणि पंखे लावा, एवढाच गणिताच्या बाईंचा प्रस्ताव होता.

“तुम्ही लिहून द्या,” त्या मला म्हणाल्या. “मी लिहिलं तर प्रमेयासारखं होईल.”

“झालं तर काय बिघडलं? सिद्ध तरी होईल.”

“अहो, सिद्ध झालेल्याचं लोकांना काय? त्यांना वाटलं पाहिजे.”

मी लिहिलं. चांगलं लिहिलं, मला चांगलं जमलं की कळतं. बाईंनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. एरवी उत्तर हातात आल्याशिवाय त्या काही जाहीर करत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी मुलींना सांगून टाकलं की या वर्षी वरची खोली होणार.

त्याच आठवड्यात स्वागत कमानीचा प्रस्ताव आला. आमच्या रस्त्याच्या तोंडाशी रंगीत दिव्यांची कमान, तिच्या दोन बाजूंना फायबरचे दोन हत्ती, हत्तींच्या सोंडेतून कारंजं. सोबत संगणकावर काढलेलं चित्र होतं. चित्रात कमानीखालून एक गोरं कुटुंब फुगे घेऊन चाललं होतं आणि रस्त्यावर एकही खड्डा नव्हता.

माझ्यासारख्या बाईच्या हाती असं काही सापडलं की तिचं काय होतं ते मी चांगलं ओळखून आहे. मी त्या प्रस्तावाखाली लिहिलं की हत्तींची उंची आमच्या सोसायटीच्या कुंपणाएवढी ठेवावी, म्हणजे दोन्ही बाजूंना आपण कुठे राहतो ते विसरता येईल. खाली कुणी दाद दिली. मी आणखी लिहिलं. हत्तींना माहूत नेमणार का, आणि नेमल्यास तो कायम की कंत्राटी? दिवा स्टेशनाकडच्या कुणी विचारलं, “सोंडेतून पाणी येणार? किती वाजता? आम्ही बादल्या घेऊन येतो.” विठ्ठलवाडीच्या एकाने आपल्या स्टेशनाबाहेर निदान एक उंट तरी द्या अशी मागणी केली. मी प्रत्येकाला उत्तर दिलं. रोज सकाळी चहा घेताना मी आधी हत्ती उघडायचे. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, काय लिहिता तुम्ही! एकदम कडक. आमच्या ऑफिसात सगळे वाचतात.” निवृत्तीनंतर माझं लिखाण कुणी वाचत होतं ते पहिल्यांदाच.

मधे एकदा गणिताच्या बाईंचा फोन आला. “आपल्या प्रस्तावाखाली दोन ओळी टाका हं. नोंदणीला वीजबिलाचा नंबर लागतो, म्हणजे घरात एकच खातं. मुलींना लिहिता येत नाहीये, खाती सगळी बापांच्या नावावर.”

“हो हो, टाकते,” मी म्हणाले. माझ्या दुसऱ्या हातात तेव्हा टॅब होता, आणि हत्तीच्या शेपटीवर एक वाक्य अर्धं झालं होतं.

दोन ओळी मी टाकल्या नाहीत. विसरले म्हणणं सोयीचं आहे, पण पूर्ण खरं नाही. प्रस्ताव माझाच लिहिलेला, त्याखाली मीच वाहवा काय करायची, असं मला वाटलं होतं. याला मी तेव्हा संकोच समजत होते.

निकाल लागला. कमान पहिली आली. अभ्यासिका बरीच खाली होती. तिला पाठिंबा बरा होता, पण प्रतिक्रिया जवळपास शून्य. सगळ्यांना पटलं होतं, त्यामुळे कुणाला काही म्हणायचं नव्हतं.

मी तावातावाने बाईंकडे गेले. हे असंच होणार होतं, लोकशाहीचा तमाशा आहे, वगैरे बरंच बोलले. त्या भाजी निवडत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, “तमाशा नाही. हिशोब बरोबर आहे त्यांचा. पाठिंब्याला एक गुण, प्रतिक्रियेला पाच, प्रतिक्रियेवरच्या उत्तराला तीन. चांगलं म्हटलंय की वाईट, ते मोजत नाहीत. लोक किती बोलले, तेवढंच.”

“म्हणजे मी...”

“कमानीचे बरेचसे गुण तुमचे आणि तुमच्या मंडळींचे. मी बेरीज केली.”

मला बसावंसं वाटलं, पण बसा असं त्या म्हणाल्या नव्हत्या.

“तुम्हाला हे आधी माहीत होतं?”

“पहिल्याच पानावर आहे ना. म्हणून तर फोन केला होता तुम्हाला.” त्यांनी मेथीची जुडी सोडली. “एक विचारू? पाठिंबा देणाऱ्यांची नावं दिसतात तिथे. दोनदा बघितलं मी. तुमचं दिसलं नाही.”

मी घरी येऊन बघितलं. तिसऱ्यांदा बघून नाव उगवेल अशी काही आशा असावी. बटण दाबायचंच राहून गेलं होतं. कारभार पारदर्शक हवा म्हणून मी वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली. तो झाला आणि त्यातून आरपार दिसणारी पहिली व्यक्ती मी होते.

कमानीच्या उद्घाटनाला मला बोलावणं आलं. ‘सर्वाधिक सक्रिय नागरिक’ म्हणून सत्कार होता. जायचं नाही असं ठरवून मी गेले, कारण न गेल्यास का नाही ते सांगावं लागलं असतं. शाल, श्रीफळ, तुळशीचं रोप. सूत्रसंचालकाने माझं एक वाक्य माइकवर वाचून दाखवलं, माहुताचं, आणि “अशा मौलिक सूचनांमुळेच प्रकल्प साकार झाला” असं म्हणाला. तो टिंगल करत नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हत्तींनी पाणी सोडलं आणि पुढच्या रांगेतले निमंत्रित भिजले. एरवी मला त्याचा आनंद झाला असता.

पुढच्या वर्षी ॲप पुन्हा उघडलं. नियम तेच. गणिताच्या बाई माझ्या घरी आल्या. टॉवरमध्ये त्या सहसा येत नाहीत. गेटवर रखवालदार त्यांना ‘किसके यहाँ काम है’ विचारतो. मला हे माहीत होतं आणि मी त्याबद्दल कधी कुणाशी बोलले नव्हते.

“या वर्षी आमच्या खोलीची टिंगल करा,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं गंमत करताहेत. मी एक वाक्य तिथल्या तिथे लिहून दाखवलं. मुली शिकल्या तर उद्या हत्तींच्या वीजबिलाचा हिशोब मागतील, तेव्हा हा धोका पत्करू नये, अशा अर्थाचं.

त्यांनी वाचलं. शाळेत उत्तरपत्रिका परत देताना असायचा तसा चेहरा होता. “छान आहे. पण वाचून हसू येतं आणि माणूस पुढे जातो. भांडावंसं वाटत नाही.”

“मग काय लिहू?”

“तुमच्याकडे आमच्याबद्दल जे बोलतात ते लिहा. ऐकलं असेलच की तुम्ही.”

मी म्हणाले की असलं काही मी कशी लिहीन. त्या म्हणाल्या, “दुसरं कोण लिहिणार? तुमचं लोक वाचतात.” आणि मग, “मुलींना पुन्हा सांगितलंय मी. यंदा दोघींची शेवटची संधी आहे, पुढच्या वर्षी परीक्षेचं वय संपतं. मला गुण पाहिजेत, बाई. स्तुती नको.”

त्या गेल्यावर मी लिहायला बसले. वेळ लागेल असं वाटलं होतं, कारण असं मी कधी लिहिलं नव्हतं. वेळ लागला नाही. कर आम्ही भरायचा आणि सोयी भिंतीपलीकडे. एवढ्या सवलती मिळूनही यांचं पोट भरत नाही. अभ्यासच करायचा असेल तर आमच्या मुलांसारखा घरात का होत नाही. शब्द तयारच होते. बागेत, पार्किंगमध्ये, लिफ्टमध्ये मी ते इतकी वर्षं ऐकत आले होते, आणि त्यातला एकही विसरले नव्हते. एक स्वल्पविरामही बदलावा लागला नाही.

दुपारपर्यंत प्रतिक्रियांचा पाऊस पडला. आमच्या सोसायटीतली माणसं, जी हत्तींच्या वेळी नुसती हसत होती, ती आपापल्या नावानिशी लिहू लागली. मी लिहिलं होतं त्याच्या पुढे गेली. वस्तीतल्या बापांनी आणि भावांनी उत्तरं दिली, काही जळजळीत, काही फार सभ्य. सभ्य वाचायला जास्त कठीण होती. सोसायटीच्या सेक्रेटरीने मला मेसेज केला: “मॅडम, पहिल्यांदाच तुमचं शंभर टक्के पटलं.” खाली नमस्काराचे दोन हात.

मी बाईंना फोन केला. “मी ते काढून टाकते. मला बघवत नाहीये.”

“काढू नका. त्याखालची उत्तरंही जातील मग, सगळे गुण जातील.” मागे मुलींचा आवाज येत होता. “आणि तुम्हाला बघवत नाही ते आम्ही रोज बघतो. वाढू द्या.”

प्रस्ताव पहिला आला. या कामाला उशीर झाला नाही हेही सांगायला हवं, कारण मी ते गृहीत धरून आधीच दोन विनोद तयार ठेवले होते. भिंती उभ्या राहिल्या, टेबलं आली, पंखे आले. उद्घाटन साधं होतं. बाईंनी मुलींपैकीच एकीला दार उघडायला लावलं. मला बोलावलं होतं. लिहिण्यामागची खरी गोष्ट मुलींना सांगा, असं मी बाईंना आधीच विनवलं होतं. “सांगितली,” त्या म्हणाल्या. “काहींना पटली.”

ज्यांना पटली नव्हती त्या कोण ते ओळखायला अवघड गेलं नाही. एक मुलगी पेढा द्यायला आली. परीक्षेची शेवटची संधी असलेल्या दोघींपैकी ती एक.

“मॅडम, तुम्ही बाईंच्या सांगण्यावरून लिहिलंत, माहितीये मला,” ती म्हणाली. “पण ते वाचताना खरंच कुणीतरी बोलतंय असं वाटलं. कुठून आणलं?”

“ऐकलेलं होतं. आमच्याकडे बोलतात लोक. लिफ्टमध्ये वगैरे.”

“मग तुम्ही काय म्हणायच्या तेव्हा?”

काही चांगलं सुचेल म्हणून मी थांबले. तिला घाई नव्हती, पेढ्यांचं ताट हातात घेऊन ती उभी राहिली.

“काही नाही,” मी म्हणाले. “माझा मजला यायचा.”

तिने ताट पुढे केलं. मी पेढा घेतला. ती पुढच्या टेबलाकडे गेली.