मुळ्याच्या वाफ्यावरची गाडी

गाडी ठेवायला जागा दाखवल्याशिवाय जपानात ती नावावर होत नाही. म्हणून शिगेनो माहेरी गेल्याचं बघून तिच्या नवऱ्याने, तेरुओने, अंगणातल्या तिच्या मुळ्याच्या वाफ्यावर काँक्रीट ओतलं.

शिगेनोने शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढला. सगळ्या गल्लीत मिरवावं असं तिच्याकडे एकच होतं, घरच्या मुळ्याचं लोणचं. आता वाफ्याच्या जागी जुनी, दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार आली. आधी क्लच गेला, मग टर्बो, आणि उन्हाळ्यात इंजिनच बसलं. गाडी आठ लाख येनची, गॅरेजवाल्याने इंजिनाचे बारा लाख सांगितले.

"इंजिन झालं की तुला समुद्रावर नेतो," तेरुओ म्हणाला.

"आधी हे मढं फाटकापर्यंत नेऊन दाखवा."

थंडी पडली तशी शिगेनोने जन्मात पहिल्यांदा मुळे विकत आणले. लोणच्यासाठी जोड्या बांधून तिने ते गाडीच्या डिकीवरच्या उंच पंखावर, स्पॉयलरवर, वाळत घातले.

तेरुओ धावत आला. "अगं, रंगाला ओरखडे पडतील."

"पडू देत. तुमच्या गाडीच्या आधीपासून माझे मुळे इथे राहतात."